हक्क मागण्याआधी कागद वाचा

शाळेच्या सुट्टीच्या दिवसांत माझ्याकडे अधूनमधून कोणीतरी हातात जुना पिवळा कागद घेऊन येते. कागद चार घड्यांचा असतो, घडीवर फाटलेला असतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. "बाजी, यात काय लिहिले आहे, तेवढे वाचून सांगा." मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दोन्ही लिप्या येतात, म्हणून हे काम आपोआप माझ्याकडे आले.

आपल्या मराठवाड्यात असे कागद घरोघरी आहेत. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीचे, अदालतीचे कामकाज उर्दूत चालत होते. आजोबांनी घर घेतले तेव्हा बैनामा उर्दूत झाला. नातू मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत शिकला. घर त्याचे, पण घराचा कागद त्याला वाचता येत नाही. मी वाचते, समजावते, चहा पिऊन माणसे निघून जातात. दुसऱ्यांचे कागद वाचणे सोपे असते. मागच्या वर्षी आपल्याच घरातला कागद वाचायची वेळ आली, तेव्हा ते किती अवघड असते ते कळले. त्याचीच हकीकत या वेळी सांगते, कारण अशी बाब आज ना उद्या प्रत्येक घरात येते.

माझी फुफी सत्तरीला टेकली आहे. फुफाजींना जाऊन पाच वर्षे झाली. जुन्या शहरात, रोशन गेटच्या बाजूला त्यांचे घर आहे आणि रस्त्याला लागून एक दुकान. दुकान वीस वर्षांपासून एका टेलर मास्टरकडे भाड्याने आहे. फुफाजींनी ते तोंडी बोलीवर दिले होते. भाडे वाढत वाढत महिन्याला ३,००० रुपये झाले होते. तेच फुफीच्या औषधपाण्याचे पैसे. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, तो घर चालवतो, पण स्वतःच्या हातात चार पैसे असणे वेगळे.

हे भाडे अचानक बंद झाले. एक महिना, दोन महिने करता करता चौदा महिने झाले. मास्टरला विचारले तर तो म्हणाला, "फुफीजान, पैसे मी बुडवत नाही. पण तुमच्या दिराची मुले येऊन सांगून गेली की दुकान दादाजींचे आहे, एकट्या चाचींना भाडे द्यायचे नाही. मी कोणाला देऊ, तुम्हीच ठरवा."

फुफीचा मुलगा हे ऐकून तापला. तो म्हणाला, "दुकानाला कुलूप ठोकतो, मग बघू कोण बोलतो ते." फुफीने त्याला गप्प केले आणि मला बोलावले. "बेटा, मुंबईच्या पाहुण्यांनी सांगितले, लहान रकमेचे वेगळे कोर्ट असते, तिथे लवकर निकाल लागतो. आपण तिथे जाऊ. बेचाळीस हजार म्हणजे काही करोडो नाहीत."

फुफीचे म्हणणे अर्धे खरे होते. पुढच्या दोन महिन्यांत मी वकिलांकडे, कोर्टात आणि विधी सेवेच्या कार्यालयात जे विचारले आणि शिकले, ते आधी सांगते.

लहान दाव्यांसाठी वेगळे न्यायालय आपल्या देशात इंग्रजांच्या काळापासून आहे. त्याला मराठीत लघुवाद न्यायालय म्हणतात. मुंबईसारख्या इलाखा शहरांसाठी १८८२चा कायदा झाला आणि बाकीच्या प्रांतांसाठी १८८७चा. मुंबईत आणि पुण्यात आजही अशी न्यायालये आहेत. घरमालक आणि भाडेकरू यांचे बहुतेक तंटे तिथेच चालतात. आपले शहर इंग्रजांच्या प्रांतात नव्हते, संस्थानात होते. त्यामुळे आपला रस्ता वेगळा झाला. इथे भाड्यासाठी १९५४चा हैदराबादचा कायदा होता आणि त्याखाली बाबी भाडे नियंत्रकाकडे जात. ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जिथे लघुवाद न्यायालय नाही, तिथे हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालावेत असे तो कायदा सांगतो. म्हणजे आपल्यासाठी लहान कोर्ट म्हणजे अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयातले हे कनिष्ठ स्तराचे दालन.

आता यातली मुख्य गोष्ट. लहान दाव्याचे कोर्ट पैशाचा आणि भाड्याचा प्रश्न सोडवते. घर कोणाचे, वारसा कोणाचा, हिस्सा किती, हा प्रश्न १८८७च्या कायद्याने लघुवादाच्या कक्षेबाहेरच ठेवला आहे. दाव्यात मालकीचा प्रश्न मुळाशी निघाला, तर असे कोर्ट दावा परत करून म्हणू शकते की, हा प्रश्न नेहमीच्या दिवाणी न्यायालयात न्या. आणि तो रस्ता लांबचा आहे. फुफीची बाब वरून बेचाळीस हजारांची दिसत होती. आतून ती मालकीची होती. आपल्या किती घरांत असेच असते! भांडण पाण्याच्या नळावरून, जिन्याखालच्या जागेवरून, भाड्यावरून सुरू होते आणि मुळाशी तीस वर्षांपूर्वी न झालेली वाटणी असते.

कुलपाबद्दल वकीलसाहेबांनी फुफीच्या मुलाला स्पष्ट सांगितले. मालक असलात तरी भाडेकरूला आपल्या हाताने बाहेर काढता येत नाही. त्याची वीज तोडणे, पाणी बंद करणे हा भाडे कायद्याने गुन्हा आहे. कुलूप लावले तर तो सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊन ताबा परत मागू शकतो आणि तिथे तुम्ही मालक आहात की नाही हे पाहिलेही जात नाही. फक्त तुम्ही त्याला कायदा सोडून काढले का, एवढेच पाहतात. मुलगा गप्प बसला. रागाच्या भरात लावलेले कुलूप शेवटी आपल्याच गळ्यात पडते, हे त्याला पटले.

मग वकिलांनी तीन प्रश्न विचारले. लेखी करार आहे का? भाड्याच्या पावत्या आहेत का? मालकी कोणाच्या नावावर आहे?

करार नव्हता. वकील म्हणाले, "मग अडचण तुमचीच आहे." १९९९च्या भाडे कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालेली हवी. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि तंटा झालाच, तर भाडे किती ठरले, कोणत्या अटीवर ठरले, याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. खोटे असेल तर मालकाने सिद्ध करायचे. आपण म्हणतो, "घरचा माणूस आहे, कागद कशाला?" कागद घरच्या माणसासाठीच असतो. परक्याशी आपण तसेही सावध असतो.

पावत्या नव्हत्या. पण फुफाजी मोठे टापटिपीचे होते. त्यांच्या डायरीत दर महिन्याची नोंद होती, उर्दूत, तारखेसह. वकील म्हणाले, चालेल, काही नसण्यापेक्षा हे बरे.

तिसऱ्या प्रश्नावर फुफी लगेच म्हणाली, "मालकी आमच्या मरहूमांच्या नावावर आहे. महापालिकेच्या टॅक्सची पावती त्यांच्याच नावाने येते." वकील हसले. "टॅक्सची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. मालकीचा नाही. मूळ कागद आणा."

मूळ कागद फुफीच्या लोखंडी पेटीत होता. असरच्या नमाजनंतर तिने पेटी उघडली. निकाहनामा, रेशनकार्ड, फुफाजींच्या नोकरीची कागदपत्रे, आणि सगळ्यात खाली कापडात गुंडाळलेला बैनामा. हैदराबादचा स्टँप, घसटी उर्दू हस्ताक्षर, साल १३५२ फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे साधारण १९४२-४३. खोलीत फुफी, तिचा मुलगा, सून आणि मी. उर्दूचे छापील अक्षर सगळ्यांना येते, पण ते हस्ताक्षर माझ्याशिवाय कोणालाही वाचता येत नव्हते.

मी आधी मनात वाचले. चारही बाजूंच्या हद्दी बरोबर होत्या: पूर्वेला आम रस्ता, पश्चिमेला कोणाचे घर, सगळे आजही जुळते. विकणाऱ्याचे नाव होते. मग मुश्तरी, म्हणजे विकत घेणारा. तिथे फुफाजींचे नाव नव्हते. असणार तरी कसे, त्या साली त्यांचा जन्मही झालेला नव्हता. नाव त्यांच्या वडिलांचे होते. दिराची मुले जे म्हणत होती ते खरे होते. दुकान दादाजींचे होते, आणि त्यानंतर वाटणीचा, बक्षिसाचा, हिबानाम्याचा कसलाही कागद पेटीत नव्हता.

"काय लिहिले आहे?" फुफीने विचारले.

खोटे कशाला सांगू, मी थांबले. फुफीने मला लहानपणी सांभाळले आहे. तिच्या बाजूने उभी राहायला मी तिथे गेले होते. फुफीचा मुलगा माझ्या चेहऱ्यावरून समजला. तो हळूच म्हणाला, "बाजी, हा कागद कोर्टात द्यायलाच पाहिजे असे थोडेच आहे? टॅक्सची पावती आहे, अब्बांची डायरी आहे. वीस वर्षे भाडे आम्हीच घेतले. तेवढे पुरे. कागद पेटीत होता, पेटीतच राहू द्या." त्याच्या म्हणण्यात दम होता. कदाचित कोर्टात ते चाललेही असते. दुसऱ्या बाजूकडे बहुधा हा कागद नव्हताच.

त्या वेळी मला एक हदीस आठवली. ती हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली आहे आणि आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. दोन माणसे जुन्या वारशाचा तंटा घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. पुरावा कोणाकडेच नव्हता. प्रेषितांनी त्यांना जे सांगितले त्याचा आशय असा: मीही माणूस आहे, तुमचे बोलणे ऐकून निकाल देतो. एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा चांगली मांडेल आणि मी त्याच्या बाजूने निकाल देईन. पण त्यात त्याच्या भावाचा हक्क आला असेल तर त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे. अबू दाऊदच्या संग्रहात पुढचेही येते. दोघेही रडू लागले आणि प्रत्येक जण म्हणू लागला, माझा हक्क तुला दिला. तेव्हा त्यांना सांगितले गेले की, असे नाही, वाटणी करा, न्यायाने करा, आणि मग एकमेकांना मोकळे करा.

कोर्टाचा निकाल आणि खरा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे इतक्या साध्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. मी कागद मोठ्याने वाचला. सगळा. नावासकट.

फुफीचा मुलगा उठून बाहेर गेला. फुफी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग यात जालन्याच्या आपांचाही हिस्सा आला."

जालन्याच्या आपा म्हणजे फुफाजींची बहीण, फुफीची नणंद. या सगळ्या भांडणात तिचे नाव एकदाही निघाले नव्हते. फुफीचा मुलगा आणि त्याचे चुलतभाऊ एकमेकांशी भांडत होते. दोघांनीही दादाजींना एक मुलगी होती हे विसरून टाकले होते. मीही विसरले होते. आणि जिच्यावर आपला पैसा बुडत असल्याची वेळ आली होती, त्या फुफीला ती पहिल्यांदा आठवली.

कागद समोर ठेवून मी वहीत हिशेब मांडला. आपल्या शरीअतीत जन्माने वारसा मिळत नाही, माणूस गेल्यावर मिळतो, आणि हिस्से ठरलेले आहेत. दादाजी गेले तेव्हा दादी आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे पाच भाग: फुफाजींचे दोन, दिराचे दोन, जालन्याच्या आपांचा एक. तीन हजार भाड्यात फुफाजींच्या घराचे १,२००, दिराच्या घराचे १,२०० आणि आपांचे ६००. थकलेल्या ४२,००० मध्ये १६,८००, १६,८०० आणि ८,४००.

पुढे फुफाजींच्या १६,८०० मध्येही वाटे आहेत. मुले असल्यामुळे फुफीला आठवा हिस्सा, २,१०० रुपये. उरलेल्याचे चार भाग, मुलाला दोन म्हणजे ७,३५०, आणि दोन मुलींना एकेक म्हणजे ३,६७५ प्रत्येकी. जे दुकान फुफी आजवर संपूर्ण आपले समजत होती, त्यात तिचा स्वतःचा वाटा इतका लहान निघाला. आकडा पाहून ती हसली. "बेटा, इतक्या वर्षांत मला हे कोणी मांडून दाखवले नाही."

आता कोर्टात जायचे तर काय मागायचे? एकट्या फुफीने सगळे भाडे मागितले असते तर दिराच्या मुलांनी हरकत घेतली असती, बाब मालकीवर गेली असती आणि दुकानाच्या वाटणीचा मोठा दावा उभा राहिला असता. वकिलांनीच सुचवले की, आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

हे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने गरिबांना मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांना तर उत्पन्न किती आहे हे न पाहता मिळतो. फुफीला हे खरेच वाटेना. "मी गरीब नाही," असे ती दोनदा म्हणाली. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही स्त्री आहात, एवढे पुरे." इथे दावा दाखल होण्याआधीच तंटा लोकअदालतीत ठेवता येतो. त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. कोर्ट फी लागत नाही. दोन्ही बाजू राजी झाल्या तर निवाडा लिहिला जातो आणि त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते. त्याच्यावर अपील नाही. पण राजी नसलेल्यावर लोकअदालत काही लादू शकत नाही. तडजोड झाली नाही तर रस्ता पुन्हा कोर्टाचा.

सगळ्यांना नोटीस गेली. मास्टर, दिराची दोन्ही मुले, आणि फुफीच्या सांगण्यावरून जालन्याच्या आपा. फुफीच्या मुलाने त्या दोन महिन्यांत माझ्याशी बोलणे टाकले होते. सासरकडच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला ऐकवले, "शिकलेल्या मुलीने घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली." कोर्टाची पायरी चढणे शहाण्याचे काम नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात. मला वाटते, पायरी चढण्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते खोटे घेऊन चढणे, किंवा दुसऱ्याने चढू नये म्हणून त्याच्या तोंडाला नात्याचे कुलूप लावणे.

लोकअदालतीच्या दिवशी, शनिवारी, आम्ही सकाळी पोहोचलो. मांडवाखाली टेबले, प्रत्येक टेबलाशी एक पॅनेल. बँकेची कर्जे, वीजबिले, अपघाताची भरपाई, सगळ्यांची गर्दी. आमच्या टेबलावर मी बैनाम्याचा मराठी अनुवाद आणि वहीतला हिशेब ठेवला. दिराची मुले तयारीने आली होती, वाद घालायला. मूळ कागद आम्हीच समोर ठेवला हे पाहून त्यांना काय बोलावे ते कळेना. मग मोठा म्हणाला, "चाची, हे तुम्ही आधी सांगितले असते तर..." फुफी म्हणाली, "मलाच आत्ता कळले, बेटा." त्यांनाही मात्र आपांचा हिस्सा ऐकून धक्का बसला. त्यांचे अर्धे समजत होते, ते दोन पंचमांश निघाले.

मास्टरने पैसे खर्च केले नव्हते. तीस हजार त्याने बाजूला टाकले होते, बारा हजारांसाठी दोन महिन्यांची मुदत मागितली. निवाडा असा झाला: तीस हजार तिथेच द्यायचे, बारा हजार दोन हप्त्यांत, पुढचे भाडे दरमहा बाराशे, बाराशे, सहाशे असे तीन ठिकाणी द्यायचे, आणि सर्व वारसांनी मिळून मास्टरला लेखी, नोंदणीकृत करार करून द्यायचा. मास्टरच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत पहिल्यांदा निवांतपणा दिसला. करार नसल्याची भीती त्यालाही होतीच.

जालन्याच्या आपांना त्यांच्या वाट्याचे सहा हजार मिळाले, उरलेले २,४०० पुढच्या हप्त्यांतून मिळायचे होते. कोणीतरी सवयीने म्हणाले, "आपा, तुम्हाला काय कमी आहे? भावाच्या घरीच राहू द्या." मी ऐकत होते. अशाच वाक्यावर आपल्या किती बहिणींचा हक्क "माफ" होतो. ईदला जोडा येतो, लग्नाला आमंत्रण येते, माहेराचे दार उघडे राहते, आणि त्या बदल्यात हिस्सा विचारायचा नाही. विचारला तर दार बंद. ज्या हक्काबद्दल "नको" म्हणण्याशिवाय पर्याय नाही, तो माफ केला असे कसे म्हणायचे? हातात पैसे मिळाल्यावर, राजीखुशीने कोणी दिले तर ती गोष्ट वेगळी. आपांनी नोटा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. म्हणाल्या, "अब्बांच्या दुकानाचे आहेत, मी ठेवते." त्यांचे वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. दुकानाची वाटणी अजून बाकी आहे. दिराची मुले विकायचे म्हणतात, फुफीचा मुलगा नको म्हणतो. सहमती झाली तर नोंदणीकृत वाटणीपत्र होईल, नाहीतर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, आणि त्याला वर्षे लागतील. मागच्या वर्षांच्या भाड्यातले आपांचे काय, हा प्रश्न त्या टेबलावर कोणी काढला नाही. फुफीने तो घरी येऊन काढला. ती आता स्वतःच्या वाट्यातून दरमहा काही रक्कम डब्यात वेगळी ठेवते आणि जालन्याला जाणाऱ्याच्या हाती पाठवते. फुफीचा मुलगा ईदच्या दिवशी माझ्याकडे आला, शीरखुर्मा घेतला, या विषयावर एक शब्द बोलला नाही. मीही काढला नाही.

वाचक बहिणींनो आणि भावांनो, या सगळ्यातून हाती आलेल्या काही गोष्टी सांगते.

तंटा झाला की आधी स्वतःला विचारा, प्रश्न पैशाचा आहे, ताब्याचा आहे, की मालकीचा? पैसा आणि भाडे असेल तर लहान दाव्याचा रस्ता आहे. मालकीचा असेल तर त्याला भाड्याचे कपडे घालून लहान कोर्टात नेऊ नका; वेळ आणि पैसा दोन्ही जातील. जागा वक्फची असेल तर रस्ता आणखी वेगळा, तो वक्फ न्यायाधिकरणाचा. आपल्या शहरात पाणचक्कीच्या आवारातल्या वक्फ मंडळाच्या कार्यालयात नोंद पाहून घ्यावी.

भाडे थकले असेल तर बसून राहू नका. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. भाडेकरू असाल तर तुम्हीही घाबरू नका. भाडे दिल्यावर पावती मागणे तुमचा हक्क आहे आणि ती देणे मालकावर बंधनकारक आहे. थकबाकीसाठी जागा खाली करून मागायची तर मालकाला आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दावा झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत तुम्ही थकलेले भाडे पंधरा टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरले आणि पुढेही भरत राहिलात, तर केवळ थकबाकीसाठी तुमची जागा जात नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. बहिणींनी "आमची कमाई आहे, आम्हाला कशी मिळणार" असा विचार करून मागे राहू नये.

आणि शेवटचे. कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाज किंवा रोज्याबद्दल नाही. ती सूरह बकरातली २८२वी आयत आहे आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नये, याबद्दल आहे. ती आपण तिलावतीत किती वेळा वाचली असेल, आणि दुकान मात्र वीस वर्षे तोंडी बोलीवर दिले.

या सुट्टीत घरातली ती पेटी उघडा. वडील हयात असतील तर त्यांच्यासमोरच उघडा, त्यांनाच विचारा, कोणता कागद कशाचा आहे. उर्दू वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बोलवा, आणि त्याने जे वाचले ते सगळ्या भावंडांनी एकत्र ऐका. बहिणींनाही बोलवा. पहिल्यांदा त्यांनाच बोलवा.